आत्याचं मशीन

सांगलीला आमच्या आत्याच्या घरी मधल्या खोलीत, देवघरालगतच्या कोनाड्यात, चेनच्या काळ्या पाऊचमध्ये शुगरचं मशीन राहतं. ग्लुकोमीटर हे त्याचं नाव फक्त बिलावर आहे. घरात सगळे त्याला मशीन म्हणतात आणि त्याच्याविषयी माणसाविषयी बोलावं तसं बोलतात. 'मशीन काय म्हणतंय?' 'आज मशीन बरं बोललं.' 'मशीनला विचारल्याशिवाय आईंचं पान वाढू नका.'

अंगानं ते अगदीच लहान, मुठीत मावेल एवढं. करडा पडदा, खाली दोन बटणं, पोटात नाण्याएवढा सेल. ते एका वेळी एकच आकडा सांगतं आणि गप्प होतं. पट्टीला रक्त लागलं की पडद्यावर पाच, चार, तीन, दोन, एक असं उलटं मोजतं. तेवढा वेळ घरातलं कुणी बोलत नाही. आत्याचा मुलगा, आमचा दादा, वर्तमानपत्र खाली करतो, वहिनी गॅस बारीक करते, आणि आत्या मात्र पडद्याकडे न बघता भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघते.

त्याला बोलतं करायची एक रीत आहे. आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे रीत पाळण्यात ती कसूर करत नाही. आधी साबणानं हात धुवायचे आणि पंचानं कोरडे करायचे. डबीतून पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावायचं, कारण पावसाळ्याच्या दमट हवेत उघड्या डबीतल्या पट्ट्या बिघडतात. बोट खाली सोडून जरा चोळायचं, मग टोचायचं पेन बोटाच्या पेराच्या कडेला लावायचं, मधोमध नाही. मधोमध जास्त दुखतं आणि तोच भाग दिवसभर कामाला लागतो. आत्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट, अनामिका आणि करंगळी या कामाला ठरलेली आहेत. त्या तिन्ही बोटांच्या कडांना बारीक काळे ठिपके आहेत, आणि भाकऱ्या थापून निबर झालेल्या त्या कातडीतून कधी कधी थेंब निघतच नाही. निघाला तर तो मोहरीएवढा. पट्टीची कड त्याला नुसती टेकवली की ती स्वतःच रक्त ओढून घेते. थेंब अपुरा असला तर मशीन आकडा सांगत नाही, चूक झाल्याची खूण दाखवतं. अंदाजपंचे काही सांगून टाकायचं नाही, हा त्याचा स्वभाव मला फार आवडतो.

सगळं कसब खरं तर पट्टीत आहे. तिच्या टोकावर एका विकराचा अगदी पातळ थर असतो. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची गाठ पडली की रासायनिक क्रिया होते आणि तिच्यातून किंचितसा विद्युतप्रवाह निघतो. साखर जास्त तर प्रवाह जास्त. मशीन तो प्रवाह मोजून त्याचा आकडा करतं. एवढंच त्याला येतं. साखर का वाढली, कुणामुळे वाढली, उद्या किती राहील, हे त्याला ठाऊक नसतं आणि ठाऊक असल्याचा आव ते आणत नाही.

त्याच्या आधीची पिढी आत्याने पाहिली आहे. आजोबांना मधुमेह होता. त्या काळी घरात स्पिरिटचा दिवा, काचनळी आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली असायची. लघवीचे काही थेंब त्या निळ्या पाण्यात टाकून उकळायचे. रंग निळाच राहिला तर ठीक. मग हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि विटकरी लाल झाला की आजी देवाला हात जोडायची. त्या परीक्षेत अडचण अशी होती की रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे बातमी शिळी, तीही अर्धवट. साखर कमी झाली तर नळीतलं निळं पाणी काहीच सांगू शकत नसे. १९६५च्या सुमारास रक्त लावायची पट्टी आली, पण तिचा रंग डोळ्यांनी ताडून बघावा लागे. तो रंग वाचणारं पहिलं यंत्र १९७०च्या आसपास अमेरिकेत निघालं. वजन किलोभराहून जास्त, किंमत शेकडो डॉलर, आणि विक्री फक्त डॉक्टरांना आणि इस्पितळांना. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या अभियंत्याला लहानपणापासून मधुमेह होता. त्याने आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावावर ते यंत्र मागवलं आणि स्वतःच्या घरी, स्वतःच्या बोटातून दिवसातून अनेकदा साखर मोजायला सुरुवात केली. रोग्याने स्वतः मोजावं ही गोष्ट तेव्हाच्या वैद्यकाला पटत नव्हती. आपलं म्हणणं ऐकलं जावं म्हणून हा माणूस चाळिशीनंतर वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाला. आत्याच्या कोनाड्यातलं मशीन या घराण्यातलं आहे.

एरवी त्याचं घरातलं काम सावकाशीचं. आठवड्यातून दोनदा सकाळी उपाशीपोटी, कधी जेवणानंतर दोन तासांनी. सकाळचा आकडा १२०-१३०च्या घरात. आत्या वहीत तारीख घालून मोत्यासारख्या अक्षरात तो लिहिते.

त्याची खरी ओळख झाली ती एका श्रावणात. आत्याला आधी कणकण, मग अंगदुखी, मग ताप आणि छातीत भरलेला खोकला. दोन दिवस तिच्या पोटात तांदळाची पेज आणि चिमूटभर मेतकूट याखेरीज काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे मशीन म्हणालं, २६८.

दादाचं पहिलं मत असं की मशीन बिघडलं. त्याने सेल बदलला, नवी पट्टी लावली. २७४. तो म्हणाला, 'बघा, दोनदा दोन आकडे. याच्यावर काय भरवसा ठेवायचा?' इथे मला मशीनची बाजू घ्यावीशी वाटते. अशा यंत्रांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यानुसार १०० किंवा त्याहून जास्त साखरेला प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्के इकडेतिकडे झालं तरी ते बरोबर धरतात. २६८ आणि २७४ हे एकच म्हणणं आहे. रक्त कमी असलेल्या माणसाचा आकडा थोडा चढा येतो, डेंग्यूत रक्त दाट झालं की थोडा उतरता येतो, हेही खरं. पण १२५ची २७० होते ती मशीनच्या चुकीनं क्वचितच.

मशीनवरचा संशय फिटला तसा तो आत्यावर गेला. वहिनी प्रेमानंच म्हणाली, 'आई, खरं सांगा, रात्री उठून काही खाल्लंत का?' आत्या काही बोलली नाही. कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना खरं बोलायला शिकवलं, तिला तापात हा प्रश्न सोसावा लागला. हा प्रश्न मी अनेक घरांत ऐकला आहे. आपल्याकडे मधुमेह म्हटला की आकडा वाढला म्हणजे जिभेवर ताबा नाही असा निकाल ठरलेलाच. आजारपणात तो निकाल सपशेल चुकीचा असतो आणि आजाऱ्याला तो नको तेव्हा ऐकवला जातो.

डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी काय खाल्लं हे विचारलंच नाही. ताप किती, दम लागतोय का, लघवी किती वेळा होते, उलटी आहे का, एवढं विचारलं. मग समजावून सांगितलं. कुठल्याही संसर्गात शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन, ग्लुकागॉन ही संप्रेरकं जास्त सोडतं. ती यकृताला साखर रक्तात सोडायला लावतात. यकृत आधी साठवलेली साखर देतं आणि ती सरली की प्रथिनांच्या घटकांपासून नवी तयार करतं. त्याच वेळी स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. निरोगी माणसाचं स्वादुपिंड अशा वेळी जादा इन्सुलिन सोडून तोल सांभाळतं. मधुमेह्याच्या स्वादुपिंडाला ते जमत नाही. म्हणून पोटात अन्नाचा कण नसतानाही आकडा चढतो. त्यात पाणी कमी पडलं की रक्तातली साखर आणखी दाट होते, आणि ती लघवीवाटे जाताना आणखी पाणी घेऊन जाते.

वहिनीने फोन ठेवला, आत्याच्या पायाशी बसली आणि पाय दाबत राहिली. त्या घरात माफी अशीच मागतात.

त्यानंतर मशीनचं काम वाढलं. दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. वहीत आता नुसता आकडा पुरेना. नातवाने, चिन्मयने, फूटपट्टीनं रकाने आखले: वेळ, साखर, ताप, खाणं, पाणी, औषध. मशीनच्या पोटात शेकडो जुने आकडे तारीखवार साठलेले असतात, पण त्या आकड्याशेजारी 'ताप १०२, दोन वाट्या पेज, रात्रभर खोकला' हे माणसालाच लिहावं लागतं. डॉक्टरांनी पुढे जो निर्णय घेतला तो या वहीवरून.

एका दुपारी मशीन एकदम ३८०वर गेलं. सगळे घाबरले. आत्याच शांतपणे म्हणाली, 'थांबा. मी आत्ता मोसंबी सोलून दिली चिन्मयला.' हात साबणानं धुऊन पुसून पुन्हा मोजलं तर २३१. फळाचा रस बोटाला लागलेला असला तर तो थेंबात मिसळतो आणि मशीन प्रामाणिकपणे तीही साखर मोजतं. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून हे जात नाही, पाण्यानं हात धुवावे लागतात. जादा इन्सुलिन टोचण्याआधी एवढी खात्री करून घेतलीच पाहिजे.

भेटायला येणाऱ्यांनी शहाळी आणली, ग्लुकोज पावडरचे डबे आणले, 'अशक्तपणा येईल' म्हणून पाजायचा आग्रह धरला. खोकल्याच्या गोड औषधातही साखर असते, ते डॉक्टरांनी बदलून दिलं. मात्र साखर वाढेल या धास्तीनं काही घरांत जुलाब होत असतानाही मधुमेह्याला ओआरएस देत नाहीत, ते चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरभर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं आणि ते मीठ-पाणी आतड्यातून आत घ्यायला लागतं. डॉक्टरांना विचारून, मशीनवर लक्ष ठेवून ते द्यावं.

खोकला वाढला, धाप लागायला लागली, तेव्हा स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू कराव्या लागल्या. इथे मशीनचा एक वेगळाच पैलू दिसला. गोळी सकाळी नाश्त्यानंतर. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी आकडा १४८. दादा खूश. संध्याकाळी पाचला तोच आकडा ३४६. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडचा साखरेवरचा जोर दुपारपासून रात्रीपर्यंत दिसतो आणि पहाटेपर्यंत ओसरतो. फक्त उपाशीपोटी मोजणाऱ्या घराला तो कळतच नाही. मशीनला दुपारी विचारलं तरच ते दुपारचं सांगेल.

करोनाच्या काळात हे आपण फार महागात शिकलो. जून २०२०मध्ये ब्रिटनच्या चाचणीतून कळलं की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांत डेक्सामेथासोननं मृत्यू कमी होतात. त्या औषधानं पुष्कळ माणसं वाचवली. पण २०२१च्या दुसऱ्या लाटेत ते घरोघरी, गरज नसताना, जास्त दिवस घेतलं गेलं. ऑक्सिमीटर प्रत्येकाच्या बोटाला होता, साखर मात्र कुणी बघत नव्हतं. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड या जोडीतून काळी बुरशी फोफावली आणि महाराष्ट्रात कितीतरी जणांनी डोळा, जबडा, जीव गमावला. स्टेरॉइड दोषी नव्हतं. ज्या घरात ते आलं त्या घरात मशीनही यायला हवं होतं.

आत्याला तात्पुरतं इन्सुलिन सुरू झालं. ते ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. 'एकदा लागलं की कायमचं' हे तिने शेजारपाजारी ऐकलेलं. डॉक्टर म्हणाले, 'बाई, आजारापुरतं. मशीन सांगेल तेव्हा थांबवू.' तिच्या नेहमीच्या गोळ्याही त्यांनी तपासल्या. मेटफॉर्मिन, उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी आटलं असेल तर, काही दिवस थांबवावी लागते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोट रिकामं असताना घेतली तर साखर धोकादायक उतरू शकते. पण हे थांबवणं डॉक्टरांनी सांगून. आणि इन्सुलिन, 'काही खात नाही तर कशाला' असं म्हणून, स्वतःच्या मनानं कधीच थांबवायचं नाही. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं.

मशीनला न दिसणारी एक गोष्ट आहे, ती सांगितलीच पाहिजे. इन्सुलिन फारच कमी पडलं की शरीर चरबी जाळतं आणि रक्तात किटोन साठून ते आम्लयुक्त होतं. मशीन साखर मोजतं, किटोन नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांत तर साखर २००च्या आत असूनही किटोन वाढलेले असू शकतात. आकडा बरा आणि माणूस मात्र ओकतोय, पोट दुखतंय, श्वास खोल आणि भराभर चाललाय, गुंगीत आहे, तर माणसाकडे बघावं, आकड्याकडे नाही, आणि इस्पितळ गाठावं. किटोनच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. तसंच बहुतेक मशीन ६००च्या वर साखर गेली की आकडा दाखवणं सोडून देतात, नुसती दोन इंग्रजी अक्षरं येतात, 'एच' आणि 'आय'. ती दिसली की फोनवर सल्ला विचारण्यातही वेळ घालवू नये.

ताप गेला. स्टेरॉइडच्या गोळ्या संपल्या. आत्या ओट्यापाशी उभी राहायला लागली. साखर मात्र लगेच खाली आली नाही. पुन्हा सगळे मशीनकडे संशयानं बघायला लागले. आजार दिसेनासा झाला तरी शरीरातली सूज रेंगाळते, आणि अंथरुणावर पडून मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रोडावलेले असतात. साखर खर्च करणारे मोठे कारखाने तेच. म्हणून काही आठवडे आकडा चढाच राहू शकतो. आत्याने अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग गणपतीच्या देवळापर्यंत चालायला सुरुवात केली, तसतसा आकडा उतरू लागला.

आणि मग उतरतच गेला. एका रात्री तीनच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. तिनेच वहिनीला हाक मारली. मशीन म्हणालं, ५८. वर जाणाऱ्या आकड्याला सगळं घर एवढं टपून बसलं होतं की आजारात वाढवलेला इन्सुलिनचा डोस आजार सरल्यावर कमी करायचा असतो, हे मागे पडलं होतं. वहिनीने पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ८६. मग अर्धी भाकरी दुधात कुस्करून दिली. सकाळी डॉक्टरांनी डोस निम्म्यावर आणला आणि थोड्या दिवसांनी बंदच केला. ३४६ सांगताना मशीनने आरडाओरडा केला नव्हता, ५८ सांगतानाही केला नाही. त्या रात्री त्याच्याजवळ तो आकडा होता म्हणून आम्ही अंदाज बांधत बसलो नाही.

आता दंडाला चिकटवायचे सेन्सर आले आहेत. ते दर काही मिनिटांनी साखर टिपतात आणि मोबाइलवर दाखवतात. चिन्मय आजीला ते घेऊन द्यायचं म्हणतो. घ्यावं, ऐपत असेल तर. पण आकड्यावर शंका आली की बोट टोचून खात्री करून घ्या, असं सेन्सरच्या माहितीपत्रकातही लिहिलेलं असतं.

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेही १० कोटींवर आहेत. शेजारच्या गोव्यात तर प्रौढांमध्ये हे प्रमाण २६ टक्क्यांच्या पुढे आहे. त्यातल्या पुष्कळ घरांत असं मशीन कपाटात पडून असतं, मुदत संपलेल्या पट्ट्यांसकट, आणि ताप आल्यावरच ते शोधायला धावाधाव होते.

म्हणून वाचणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. घरात कुणी मधुमेही असेल तर पट्ट्यांच्या डबीवरची मुदत आजच बघा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा विचारा: ताप आला, उलट्या झाल्या तर किती वेळानं मोजायचं, कुठल्या गोळ्या थांबवायच्या, कुठल्या नाही, इन्सुलिन किती वाढवायचं, पुन्हा कधी कमी करायचं आणि कुठल्या आकड्याला इस्पितळात यायचं. ते कागदावर मराठीत लिहून घ्या आणि मशीनच्या पाऊचमध्येच ठेवा. आणि आजाऱ्याचा आकडा चढलेला दिसला तर काय खाल्लंस हा प्रश्न विचारू नका. आधी पाणी द्या.